उलटी लेन्स आणि मामाकडचा तांब्या

९ नोव्हेंबर, लातूर

आजही मुंगी निसटली. जास्वंदीपुढं अर्धा तास ओणवा होतो. कॅमेरा जवळ नेला की आतून घुर्रघुर्र करतो आणि हात टेकतो. वीतभर लांब धरलं तरच मानतो. वीतभर लांबून मुंगी म्हणजे टिंब.

प्रशांतनं नवा फोन घेतला तेव्हा हा जुना कॅमेरा मला दिला. "बाबा, फुलंबिलं काढा. वेळ जाईल." वेळ जाण्यासाठी नाही घेतला. पस्तीस वर्षं पोरांकडून दवाच्या, फुलपाखराच्या कविता चालीवर म्हणून घेतल्या. पाठ कायम खिडकीकडं. दवाचा थेंब जवळून कधी पाहिला? आता पाहायचाय.

कंबर धरली. सूनबाई वैशालीनं तेल गरम करून दिलं. "मुंगी मोठी व्हायची वाट बघा की बाबा," म्हणते.

११ नोव्हें.

प्रशांतनं नेटवर 'मॅक्रो लेन्स' दाखवली. पेन्शनचा आकडा आणि लेन्सचा आकडा शेजारी शेजारी उभे केले. लेन्स दोन वीत उंच निघाली. विषय बंद.

संध्याकाळी मेन रोडच्या दुकानातून भिंगाच्या चकत्या आणल्या. कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरवून बसवायच्या. चार येतात, एकावर एक चढतात. स्वस्त. लगेच जास्वंदीवर. मधलं बरं आलं, पण कडा गेल्या. शाळेच्या ग्रुपफोटोत शेवटच्या रांगेतली पोरं हलतात तशा. दोन चकत्या चढवल्या तर सगळा वर्गच हलला.

शाळेचे फोटो काढणाऱ्या इस्माईलभाईंना फोन केला. "या ना नांदेडला गुरुजी. त्याच्यासाठी पैसे कशाला घालून राहिलात?"

१५ नोव्हें., नांदेड

अहमदपूर-लोहा मार्गे. खिडकीची जागा मिळाली. बाहेर तुरी पिवळ्या फुलल्यात.

इ.भाईंचा स्टुडिओ बंद होऊन लई वर्षं झाली. पण लाकडी कपाट आहे तसंच. माझ्या शाळेचे सगळे ग्रुपफोटो ह्यांनीच काढलेले. "गुरुजी, हसू नका, पोरं बिघडतेत," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य.

कप्प्यातून तीन पोकळ नळ्या काढल्या. कॅमेरा आणि लेन्स ह्यांच्या मध्ये बसवायच्या. आत डोकावलो. काच नाही, काहीच नाही.

"हवा विकतेत लोकं," इ.भाई हसले. "पर काम करती हवा."

मग लोकांच्या लग्नांचे फोटो काढायची त्यांची जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स काढली. एक पातळ कडी काढली. लेन्स उलटी धरली, कडी तिच्या तोंडावर फिरवली आणि तोंडाकडूनच कॅमेऱ्यात बसवली. पाठ बाहेर.

"उलटी?"

"हाव. सुलटी धरली तर अख्खी बारात एवढुशा फिल्मवर उतरवती. मग उलटी धरल्यावर काय करंल? मुंगीची बारात काढंल."

शेजारच्या पपईवरची मुंगी पाहिली. मिशा दिसल्या! मिशीवरचे केस दिसले. हातून कॅमेरा सुटायचा राहिला.

पण अट कडक. फोकसचं चाक फिरवून उपयोग नाही, आपणच मागंपुढं डुलायचं. कागदाच्या जाडीएवढंच स्पष्ट दिसतं. त्याच्या अलीकडं धुकं, पलीकडं धुकं.

"श्वास सोडा, थांबा, मग दाबा. आन् आधी न हलणारी चीज घ्या. चावी, नाणं, लोटा. मुंगी नंतर."

पैशाचं काढलं तर रागावले. "पेटीत बुरशी खाऊन जाईल तिला. तुमच्याकडं असली तर उन्हात तरी येईल."

१७ नोव्हें., लातूर

हात थरथरतो. वै.नं जुन्या परकराची पिशवी शिवली, तिच्यात तूर भरली. कॅमेऱ्याला उशी. कशी हवी तशी दबते आणि दबली की हलत नाही. इ.भाईंना फोनवर सांगितलं. म्हणाले, "सूनबाईला माझा सलाम सांगा. हे माझ्या डोक्यात चाळीस साल आलं नाही."

जास्वंदीचे पराग आले. लाडूच्या ताटासारखे. एकेका लाडवावर काटे.

वै.ला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे आपल्या दारात होतं?"

१८ नोव्हें.

न हलणारी चीज घरात एकच, माझ्या बायकोचा, सुमनचा तांब्या.

ती गेली त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं. तेव्हापासून तांब्या माझ्या उशाशी. सकाळी त्यातलं पाणी प्यायचं, मग तिच्या फोटोला जास्वंद. मध्ये तिच्याशी दोन शब्द. हे कुणाला सांगत नाही.

लग्नात तिच्या रेणापूरच्या मामांनी दिलेला. गळ्याखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. चिंच आणि राखेनं घासून घासून अक्षरं इतकी झिजलीत की बोटाला लागतात, डोळ्याला नाही. वाचायचा प्रयत्नही कधी केला नव्हता. काय लिहिलंय ते माहीतच होतं.

खिडकीत ठेवला. ऊन तिरपं आलं तसं टिंबांच्या खळग्यांत सावली भरली. उलटी लेन्स, तुरीची उशी. तांब्या गोल, त्यामुळं एका वेळी दोन-तीनच अक्षरं स्पष्ट. थोडा फिरवायचा, श्वास सोडायचा, दाबायचं.

'मामाक'. मग 'डून'. मग 'रेणापू'.

आनंदानं ओरडलो. वै. पिठाच्या हातानं धावत आली. मामांचा खर्जातला आवाज कानात आला, "आमची भाची जपा हो मास्तर." ऊन गेलं. नावाची बाजू राहिली. उद्या.

१९ नोव्हें.

ऊन आलं. काढलं.

'चि.'

'गो'

'दास'

पाच वेळा काढलं. मोठं करून पाहिलं. चि. गोदास मामाकडून, रेणापूर.

गोदाक्का म्हणजे सुमनची मावसबहीण. भोकरला दिलेली. दोघींचा मामा एकच. दोघींना एकाच दुकानातला, एकसारखा तांब्या.

मग मी दोन वर्षं कुणाच्या तांब्याशी

२० नोव्हें.

सुमननं तिच्या तांब्यानं तुळशीला पाणी घातलं, माझ्या उशाशी ठेवला, चाळीसच्या वर वर्षं घासला. तिच्या हातात होता तेव्हा मी एकदा तरी नीट पाहिला असता तर आज ओळखला असता. मुलांना म्हणायचो, डोळे उघडे ठेवा, कविता सगळीकडं असते. मास्तर, तुमचे कुठं होते?

वै.ला विचारलं. दोघांनी मिळून आठवलं. सु. गेली तेव्हा गोदाक्का भोकरहून आली आणि चौदाव्यापर्यंत राहिली. जाईल तिथं स्वतःचा तांब्या घेऊन जाते, दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणी तिला चालत नाही. चौदा दिवस घरात माणसं, शेजारून आलेली भांडी, सगळा गोंधळ. निघताना तिची पिशवी तिनं भरली की वै.नं, दोघींपैकी कुणालाच खात्री नसणार. अक्षरं कुणाला वाचता येत होती?

म्हणजे सुमनचा भोकरला असेल. एवढंच ना. हायसं वाटलं.

मग वै. खाली बघत म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी जुनी भांडी मोडीत दिली होती. कुकर घेतला तेव्हा. माळ्यावरची. त्यात तांबे होते दोन-तीन. मी एकेक पाहिलं नव्हतं."

मी काही बोललो नाही.

२१ नोव्हें.

गोदाक्काला फोन.

"गोदाक्का, तुमचा तांब्या माझ्याकडं राहिलाय."

"हाव. तिकडंच इसरला व्हता म्या."

"मग सुमनचा तुमच्याकडं आलाय का?"

बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज.

"न्हाई बा. म्या तर रिकामीच आले. नवा घेतला हिथं भोकरात. दाजी, दळण आलंय, ठिवते."

ठेवला. म्हणजे तो आमच्याच माळ्यावर होता. म्हणजे मोडीत गेला.

२२ नोव्हें.

वितळून त्याची तार झाली असेल. कुणाच्या तरी भिंतीतून जात असेल. बटण दाबलं की दिवा लागत असेल.

ह्यावर चार ओळी लिहिल्या. खोडल्या. यमक जुळलं याचाच राग आला.

कॅमेरा कपाटात.

२४ नोव्हें.

घर मुकं आहे. वै. ताट वाढते, मी जेवतो. नजर माझ्या हातात नाही, तिच्या पाठीकडं जाते. माळ्याकडं जाते. तिला कळतं. प्रशांत विचारत होता काय झालं. दोघंही म्हणालो, काही नाही.

दुपारी ती बाहेरून आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "भांड्याच्या दुकानात जाऊन आले. ते म्हणाले, ताई, मोड आठ दिवस पण राहत नाही आमच्याकडं." आणि आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ सोडलेला होता.

उठून जायला हवं होतं. गेलो नाही. वर्तमानपत्र उलटं धरलंय हे नंतर लक्षात आलं.

२६ नोव्हें.

ठरवलं. गोदाक्काचा तांब्या तिला नेऊन द्यायचा. आपला गेला म्हणून दुसऱ्याचा ठेवून घ्यायचा हे बरोबर नाही. आज सकाळी त्यातलं पाणी प्यायलो नाही. मग दहा वाजता प्यायलो. सवय.

वै.नं तांब्या चिंच लावून लखलखीत केला, धुतल्या फडक्यात बांधला. मावशींसाठी शेंगदाण्याची चटणी दिली. पिशवीत वर कॅमेरा आणि तुरीची उशी.

"हे कशाला?"

"वाटेत फुलं दिसतील."

माझ्याकडं न बघता म्हणाली.

२८ नोव्हें., भोकर

हातात पेन आहे पण कुठून लिहू. क्रमानं लिहितो.

नांदेडहून बस. अकराला पोचलो. गोदाक्काच्या पुढच्या खोलीत गुडघ्याच्या वर कापूस. वेचणी चालू आहे, घरची सगळी शेतावर. म्हातारी एकटी, ढिगाला टेकून सरकी काढत बसलेली. मला बघून उठली नाही.

"आलात व्हय दाजी."

"तुमची ठेव द्यायला आलो."

फडकं सोडलं. तांब्या पुढं ठेवला. तिनं हात लावला नाही. आत गेली आणि पाणी घेऊन आली. तांब्यातून. तसाच तांब्या, तसाच गळा. मी प्यायलो. खाली ठेवला.

"नवा चांगलाय," म्हणालो.

गोदाक्का माझ्याकडं बघत राहिली. मग एकदम बोलली.

"दाजी, कसले मास्तर हो तुम्ही! हिथं बुडाला बोट फिरवा की."

फिरवलं. बुडाला पोचा आहे, बोराएवढा.

"सुमीनं इहिरीत पाडला व्हता. लगनाच्या सालीच, नागपंचमीला आलो व्हतो दोघी रेणापूरला. म्या गळ टाकून काढला. रडत व्हती, मामा मारतील म्हणून. तवा म्या म्हणलं, मामानं इचारलं तर माझा म्हण."

"म्हणजे हा…"

"तिचा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिशी. लोह्याला बस थांबली, पाणी प्यायला काढला. बोटाला लागला पोचा. झालं."

ती सरकी काढत राहिली. बोटं थांबली नाहीत.

"उतरून माघारी यावं वाटलं. मग न्हाई वाटलं. तुमच्याकडं समदं घर हाय तिचं. लुगडी हायत, ताटं हायत, भितीवर फोटू हाय. माझ्याकडं काय व्हतं? रोज वाटायचं, दाजी येतील, मागतील. दोन सालं झाली, आला न्हाईत. म्हणलं, ह्यांना कळलंच न्हाई. परवा फोन आला तवा तोंडातून न्हाईच निघालं. लबाड बोलले म्या."

राग यायला हवा होता. तिच्यापायी मी घरी एका पोरीला आठ दिवस रडवलं. पण आधी दुसरंच आलं. छातीवर कुणीतरी बसलेलं होतं ते उठून गेलं. वितळला नाही. तार झाली नाही. इथं आहे, ह्या दारात, रोज पाणी देतो, रोज घासला जातो. आणि ज्या बोटांनी तो विहिरीतून काढला त्याच बोटांत.

हसू आलं. मोठ्यानं हसलो.

"हसायला काय झालं?"

"दोन वर्षं मी तुमच्या तांब्याशी बोलून राहिलो, गोदाक्का."

तिनं पदर तोंडाला लावला. "अगं बया. काय बोलत व्हता?"

"ते नाही सांगणार."

"तरीच मला उचक्या," म्हणाली. मग दोघंही हसलो. मग ती रडली. मग चहा ठेवला.

कॅमेरा काढला. तांब्या कापसाच्या ढिगात रोवला, दारातून तिरपं ऊन घेतलं. कापसासारखी उशी नाही. तूर सुद्धा हरली. उलट्या लेन्समधून एकेक करत आलं. 'चि.' मग 'सुम'. मग 'नास'. न च्या पोटात एक टिंब जास्त पडलंय, नाव घालणाऱ्याचा हात तिथं चुकला असणार. लग्नापासून ते टिंब तिथं आहे. तिला माहीत असेल का?

गोदाक्काला मागच्या पडद्यावर दाखवलं. तिला वाचता येत नाही.

"ह्यात सुमी कुठं हाय?"

तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

"टिंबंच हायत की नुसती. चांदण्यावानी."

निघताना तांब्या उचलून पुढं केला. "आला हाव तर घिऊन जा." मी हात लावला. तिनं सोडला नाही. तिचं तिला कळलं नसावं, पण बोटं घट्ट होती.

"आज नको. बसला गर्दी असते."

बसला गर्दी असते म्हणे! तेवढ्या तांब्याला काय जागा लागते. पण दुसरं काही सुचलं नाही.

मग तिचा होता तो उचलला तिनं, त्यात मूठभर कापूस घातला आणि माझ्या पिशवीत ठेवला. "ह्यो तरी न्या. रिकामे जाऊ नका."

बसमध्ये जागा मुबलक होती.

२९ नोव्हें., नांदेड

इ.भाईंकडं मुक्काम. फोटो पाहिले. त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "भाभीचा फोटो लई डाव काढला म्या. कधी सरळ बघायच्या नाहीत. आज पहिल्यांदा साफ आल्या." आणि चष्मा पुसत बसले.

३० नोव्हें., लातूर

दुपारी पोचलो. वै. दारात. चप्पल काढायच्या आधी सांगितलं. "मोडीत गेला नाही. गोदाक्काकडं आहे. मी त्यातून पाणी पिऊन आलो."

ती उंबऱ्यावरच बसली.

"चुकलं माझं," म्हणालो.

"तुम्ही तर काहीच बोलला नव्हता बाबा."

"तेच चुकलं."

"बोलला असता तर भांडले असते मी. बरं वाटलं असतं." मग डोळे पुसून, "मग आणला नाही का?"

बसच्या गर्दीचं सांगितलं. तिला पटलं नाही. हसली मात्र. दहा दिवसांनी.

रात्री झोप लागली. लिहिण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून लिहिली.

२ डिसेंबर

सुमनच्या फोटोपुढं जास्वंद ठेवली. नेहमीसारखं बोलायला गेलो तर हातात गोदाक्काचा तांब्या. थांबलो. मग विचार केला, दोन वर्षं पोचलंच असेल की सगळं. न पोचायला काय झालं. बोललो. आधी न च्या पोटातल्या टिंबाचं सांगितलं.

७ डिसें.

गोदाक्काचा फोन. सु.च्या तिथीला येणार.

"दाजी, येताना त्यो घिऊन येऊ?"

आणि थांबली. पुन्हा कोंबड्या. मला माहीत होतं तिला काय ऐकायचंय. मला काय हवंय ते मात्र मला नीट माहीत नव्हतं. तोंडातून निघालं, "मग वाटेत पाणी कशातनं पिणार तुम्ही?"

"आत्ता! म्हंजे आणू का नगं?"

"या तर आधी."

हसली आणि ठेवला.

दोन्ही तांबे खिडकीत शेजारी शेजारी ठेवून एक फोटो काढायचा आहे. त्याला उलटी लेन्स चालणार नाही, लांबून काढावा लागेल.

९ डिसें.

सकाळी जास्वंदीवर मुंगी आली. पाकळीच्या कडेला दव होतं, तिथं थांबली. पाणी पीत होती बहुतेक. श्वास सोडला. थांबलो. दाबलं. आली! मिशांसकट. थेंबात उलटं अंगण सुद्धा आलंय. वै.ला हाक मारली, प्रशांतला पाठवला, इ.भाईंना पाठवला. इ.भाई: "मुबारक. आता नळ्या पण घेऊन जा."

दुपारी वै. लाल दोरा घेऊन आली. "बाबा, मावशी आल्या की दोन्ही तांबे एका घरात. परत तोच घोळ नको. ह्याला दोरा बांधून ठेवू का ओळखीला?"

तांब्या तिच्या मांडीवर. दोरा गळ्याभोवती घेतलेला, गाठ मारायची बाकी.

"थांब," म्हणालो. "अजून नको बांधू. गोदाक्का येऊ दे आधी."